जमादाराची जागा

“वहिनी, ते कुत्रं आत्ताच्या आत्ता उकरून काढा! विहिरीपाशी पुरतात का कुणी?”

दीर सकाळी सकाळी कचेरीतल्या साहेबालाच घेऊन आला होता. कुंभारीण अंगणात माती तुडवत होती. तिनं पाय काही थांबवले नाहीत. काल तिचा जमादार गेला. भट्टी पेटली की तिच्याबरोबर जागणारं कुत्रं ते. त्याला उकिरड्यावर फेकायचं? छट्! रात्रीच रडत रडत एकटीनंच खड्डा खणून तिनं त्याला विहिरीलगतच्या मातीच्या पट्ट्यात पुरला, त्याच्या रोजच्या पसरायच्या जागेवर. पूर्वी तिच्या भांड्यांची माती त्याच पट्ट्यातून यायची. पण नवरा गेल्यापासून दीर तो पट्टा आपला म्हणायचा, तिला कुदळ लावू द्यायचा नाही. भांडून भांडून तिचा घसा बसला, मेला बधत नव्हता.

साहेबानं खड्डा बघितला, विहीर बघितली, कपाळाला आठ्या घातल्या.

“घरचं जनावर स्वतःच्या जागेत पुरायला हरकत नाही. पण खोल हवं, पाण्यापासून लांब हवं. हे फार जवळ आहे. ज्याची जागा असेल त्यानं हे हलवायचं आणि विहीरही उपसून द्यायची. जागा कुणाची?”

कुंभारीण तोंड उघडणार तोच दीर उसळला, “यांचीच की! माझा काय संबंध?”

आता मात्र तिचे पाय थांबले. “भाऊजी, पुन्हा म्हणा. जरा मोठ्यानं.”

“शंभरदा म्हणतो! पट्टा तुमचा, कुत्रं तुमचं, निस्तरा तुम्हीच!”

“अहो, जीभ आवरा!” भिंतीपलीकडून जाऊ किंचाळली. पण साहेबानं ऐकायचं ते ऐकलं होतं.

“मग बाई, तुमच्याच पट्ट्यात वरच्या टोकाला हलवा.”

विहीर उपसताना कुंभारणीच्या कंबरेचा काटा ढिला झाला. तरी तिनं वरच्या टोकाला छातीएवढा खड्डा खणला, जमादाराला फडक्यात गुंडाळून हळूच आत ठेवलं. मग खाली विहिरीच्या बाजूला आली नि पट्ट्यातली चिकणमाती सरळ टोपलीत भरायला लागली.

दीर धावत आला. “वहिनी, माती कुठं नेताय?”

“माझ्या जागेतली माझ्या घरी. साहेबाला बोलावू का परत?”

दीर आला तसा परत फिरला. तिनं जमादाराचं पाणी प्यायचं भांडं आणून त्याच्या उशाशी ठेवलं. डोळे पदरानं पुसले.

“बस बाबा राखत,” ती म्हणाली, “आता कोण उठवतो तुला तेच बघते.”