दुपारी दोनला जाणारं चित्र

धाकटी बेचाळीस वर्षांची झाली तरी घरात धाकटीच होती. दिवसभर ती एका मोठ्या कार्यालयाचं नेटवर्क सांभाळायची. कुणाच्या बैठकीत चित्र अडकलं, कुणाचा आवाज तुटला, की निस्तरायला ही. संध्याकाळी घरात पाऊल टाकते न टाकते तोच वरून वडील सांगायचे की पडद्यावर तुझ्या आईचं तोंड आधी हलतं आणि शब्द मागून येतात.

खुब्याचं हाड मोडल्यापासून वडील वरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होते. आईचं शिवणकामाचं दुकान खाली. त्यांनी हाक मारली की आई दुखरे गुडघे सांभाळत जिना चढायची, आणि काम काय, तर किती वाजले. शेवटी धाकटीने दुकानाच्या फळीवर कॅमेरा आणि छोटा स्पीकर बसवला आणि वडिलांच्या उशाशी टॅब ठेवला. बाहेरच्या इंटरनेटचा संबंध नाही, सगळं घरातल्या राउटरवरून.

तरीही अडकायचं. राउटर जिन्यातल्या लोखंडी कपाटामागे दडला होता, तो तिने बाहेर काढला. शेजाऱ्यांचे सगळे वायफाय एकाच चॅनलवर दाटीवाटीने बसले होते, म्हणून आपला दुसऱ्यावर नेला. कॅमेरा आणि स्पीकरपर्यंत सरळ वायरच ओढली. यात तीन संध्याकाळी गेल्या, पण ओठ आणि शब्द जुळले.

दुपारचं दुखणं मात्र तसंच राहिलं. वडील म्हणत, जेवण झालं की चित्र जातं ते चहाच्या वेळीच येतं. आईला विचारलं तर ती म्हणे, मला त्यातलं काय कळतंय. धाकटीने वायरचं टोक कापून नवं बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिने राउटरमधली नोंद उघडली. रोज दोन वाजून काही मिनिटांनी वायर निघालेली, चारच्या सुमारास परत लागलेली. फक्त रविवारी नाही, कारण रविवारी ती स्वतः घरी असायची.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी आली. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. कापडं बेतायच्या टेबलामागे सतरंजी टाकून आई आडवी झाली होती, आणि वायरचं टोक तिच्या हाताशी पडलं होतं. आई दचकली नाही.

"दर दहा मिनिटांनी विचारतात, आहेस ना," ती म्हणाली. "आहेच की. सत्तेचाळीस वर्षं आहे. दोन तास कुणी विचारू नये, एवढंच."

"मग मला सांगायचं ना. मी वेड्यासारखी वायरी बदलत बसले."

"तू इतकं मन लावून करत होतीस. कोणत्या तोंडाने सांगू?"

आणि त्यांना काही झालं असतं तर, असं धाकटीने विचारलं. मधूनमधून उठून जिन्यापाशी कानोसा घेते, आई म्हणाली. म्हणजे ते दोन तासही धड झोपेचे नव्हतेच.

जिना चढताना धाकटीने एक थाप जुळवली होती. पण वडील काळ्या पडद्याकडे बघत पडले होते, आणि थाप मारायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने खरं ते सांगितलं. वडील चादरीची कड बोटांनी सरळ करत राहिले.

"इथून छत सोडून काही दिसत नाही गं," ते म्हणाले. "आवाज नको. नुसतं चित्र राहू दे. पण तिला विचारून."

आई तयार झाली, पण झोपलेली मी दिसता कामा नये म्हणाली. धाकटीने कॅमेऱ्याचं तोंड शिलाई मशीनकडे वळवलं आणि दोन ते चार आवाज आपोआप बंद राहील असं करून ठेवलं. अडीअडचणीला वडिलांच्या हाताशी घंटीचं बटण दिलं.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात कुणाच्या तरी अडकलेल्या बैठकीत वाकून बसली होती, तेव्हा आईचा फोन आला. घंटी एकदाच वाजली होती. पाणी हवं होतं. आई कुरकुरतच वर गेली होती, पण तोवर तिची तासभर सलग झोप झाली होती.

"आणि ते काय करत होते?" धाकटीने विचारलं.

"मशीन बघत होते," आई म्हणाली. "सुईत दोरा नाही म्हणाले."