गळ्याचा रंग

“नारिंगी भरा नाहीतर निळा भरा, पण सोमवारी फोटो पाचगणीला पोचवा,” लीलाबाई म्हणाल्या. “कुणाला कळणार आहे?”

चारुशीलानं ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. हात काही फोटोकडे वळेना.

तिच्या नवऱ्याला, गंगाधरला जाऊन वर्ष होत आलं होतं. सांगलीतला स्टुडिओ आता ती एकटीच चालवत होती. पूर्वी फोटो तो काढायचा आणि रंग ती भरायची. नवरीचा शालू, बाळाचे गाल. रविवारी मात्र तो महाबळेश्वरच्या रानात पाखरांमागे जायचा. आल्यावर शेजारी बसून त्यांचे रंग सांगायचा. ‘एकदा तू चल,’ म्हणायचा. ‘तिथंच राहा की कायमचे,’ असं ती फणकारायची.

लीलाबाई पाचगणीच्या शाळेत शिक्षिका होत्या. शाळेत त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. शेवटच्या रिळातले माशीमार पाखरांचे दोन फोटो तेवढे रंगवायचे राहिले होते. पुस्तकात पाहिलं तर दिसायला सारखेच, पण दोन जातींचे माशीमार निघाले. दोघांची पाठ निळी, छाती नारिंगी. एकाचा गळाही नारिंगी, दुसऱ्याचा निळा. काळ्यापांढऱ्या फोटोत सगळंच करडं.

लीलाबाई गेल्या. चारुशीला उठली, बसली, पुन्हा उठली. दुपारचं जेवण ताटातच राहिलं. गिऱ्हाइकाच्या बाळाच्या फोटोतले डोळे तिनं दोनदा रंगवून पुसून काढले. शेवटी तिनं पिशवीत दोन्ही फोटो घातले आणि एसटी धरली.

महाबळेश्वरला जोतीराम टॅक्सी घेऊन उभा होता. दर रविवारी गंगाधरला रानात तोच न्यायचा.

“हे पाखरू आठवतं का तुम्हाला?” तिनं फोटो पुढं केले.

“आवं वैनी, मी गाडीत झोपायचो. सायेब घंटाभर हलायचं न्हाईत. त्या वड्याजवळ बसायचं, एवढं ठावं हाय.”

ओढ्याकाठच्या दगडावर ती बसली. थंडी बोचत होती. पान हललं की ती उठे, मग उगीच पदर सावरून खाली बसे. इतका वेळ गप्प बसायला त्याला जमायचं तरी कसं? घरी तर तो चहा व्हायलाही थांबत नसे.

मग समोरच्या फांदीवर काहीतरी निळं येऊन टेकलं. पाखरानं हवेत झेप घेऊन माशी टिपली आणि परत त्याच जागी बसून शीळ घातली. गळ्यापासून छातीपर्यंत नारिंगी रंग, मधे कुठं सांधा नाही.

तिनं पिशवीतून पहिला फोटो बाहेर काढला. गळ्यापासून छातीपर्यंत तसाच एकसारखा करडा, मधे सांधा नाही; म्हणजे नारिंगीच. तो सुटला. दुसऱ्या फोटोत मात्र नेमकी गळ्यावर पानाची सावली पडली होती.

“ह्योच आसंल की,” जोतीराम वाकून म्हणाला. “जागा तर हीच.”

“असेल. पण ह्यांनी सांगितलं असतं तर भरला असता.”

“सायेब आता कुठनं सांगणार, वैनी?”

तिनं फोटो पिशवीत ठेवले. पाखरू केव्हाच उडून गेलं होतं.

सोमवारी तिनं पाचगणीला दोन्ही फोटो लीलाबाईंच्या हातात दिले. दुसऱ्यातल्या पाखराची पाठ निळी होती, छाती नारिंगी, पोट पांढरं होतं, फांदीवर शेवाळसुद्धा होतं. गळा तेवढा करडा.

“हा अर्धाच राहिला की हो!”

“राहिला नाही. एवढाच ठाऊक आहे.”

“आणि खाली नाव काय लिहू?”

“नुसतं माशीमार लिहा.”

लीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग फोटो भिंतीशी धरून सरळ करू लागल्या. चारुशीला बाहेर आली. जोतीराम टॅक्सीची काच पुसत होता.

“जोतीराम, ह्या रविवारी गाडी कुणी ठरवलीय का?”

“न्हाई. का वं वैनी?”

ती गाडीत बसली आणि खिडकीची काच खाली करून सिल्व्हर ओकच्या शेंड्यांकडे बघत राहिली.