घरचीच पोर

सयाजीमामानं थोरल्या बहिणीला, शालूबाईला, रहिमतपूरजवळच्या आपल्या मळ्यावर बोलावून घेतलं ते तिच्या धाकट्या लेकीची, बनूची, सुपारी फोडायलाच. नवरदेव म्हणजे मामाचा एकुलता एक लालासाहेब, लढाई संपल्यावर पलटणीतून सुटीवर आलेला. आणि त्याची पहिली बायको, बनूची सख्खी थोरली बहीण अंजना, आत चुलीपुढं याच पाहुण्यांसाठी चहा उकळत होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

तिचा गुन्हा काय? दोन मुलगे झाले, दोन्ही बहिरे. कानाशी पितळी बडवली तरी वळून बघत नसत, मग बोलणं तरी कुठलं यायला! घरानं निकाल देऊन टाकला, खोट बाईत. बाप्यात खोट काढायची आपल्याकडं पद्धतच नाही. देवऋषी झाला, नवस झाले. उपास अंजनाला, अंगारा अंजनाला. लालासाहेबाला एक सोमवारसुद्धा कुणी उपाशी ठेवलं नाही.

"खाण तशी माती," सासू राहीबाई ओसरीवरून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "हिच्या पोटालाच खोट हाय. बनूचं कसं, घरचीच पोर. भनीच्या लेकरांना जीव तरी लावंल."

अंजना चहा तसाच उकळता ठेवून बाहेर आली.

"खाण कुनाची, मामी? मी मामांच्या भनीची पोर, ह्ये मामांचं ल्योक. माजी आजी तीच ह्येंची आजी. माजं रगात खोटं, तर ह्येंचं कुठनं चोख आलं? आन् माजी खाण वाईट, तर त्याच खाणीतली दुसरी कशाला आनताय?"

"अंजे, आत हो," सयाजी गुरकावला.

"न्हाई जात. मामा, तुमी तुमचा वळू का विकला?"

सयाजीचा खिलार वळू पंचक्रोशीत नावाजलेला होता. तो विकून त्यानं औंदा दुसऱ्या गावचा आणला होता.

"त्याचं काय मधीच? त्याच्याच कालवडी मोठ्या झाल्या. घरचाच वळू घरच्या कालवडींना लावला, तर वासरं आंधळी, अधू निपजत्यात. शेंबडं पोरबी सांगंल."

"मग माज्या लग्नात त्ये शेंबडं पोर कुठं गेल्तं?"

सयाजी लालबुंद झाला. "जनावराचं येगळं, मानसाचं येगळं! भाची सून करायची ही आपली वाडवडलांची रीत हाय."

"व्हय, येगळंच. जनावराची तुमी काळजी घेता."

लालासाहेबानं तोंड उघडलं, बापाकडं बघितलं आणि मिटलं. तोफांपुढं उभा राहिलेला गडी, पण बापापुढं शेळी! अंजनाला त्याची किळस आली.

तेवढ्यात भिंतीला टेकलेली शालूबाई हळूच म्हणाली, "सया, आपला गुंडा."

हे नाव अंजनानं जन्मात ऐकलं नव्हतं. सयाजीनं मान फिरवली.

"आमचा सगळ्यात धाकला भाऊ," शालूबाई लेकीला सांगू लागली. "त्यालाबी ऐकू यायचं न्हाई. मागनं बैल उधळलं, आमी वरडलो, पर त्यो खेळतच ऱ्हायला, आन् बैलांखाली गेला. देवीचा कोप म्हनून घरानं त्याचं नाव टाकलं."

अंजनाचा राग आता आईवर उलटला. "ह्ये ठाऊक असून मला ह्याच घरात दिलीस?"

"मला काय कळत हुतं गं? समदी देत्यात, तशी दिली. मामाचं घर, माया मिळंल म्हनून."

"आता कळलं न्हवं? मग बनूला घिऊन ऊठ."

शालूबाईनं गाठोडं उचललं, बनूचा हात धरला. सयाजी ताडकन उभा राहिला. "अक्का, सुपारी न फोडता उंबऱ्याभाईर पाय टाकलास, तर तुजं म्हायेर संपलं."

शालूबाई उंबऱ्यात थबकली. पाठीवर ज्याला खेळवला, त्या भावाकडं तिनं वळून बघितलं. अंजनाला वाटलं, बसते आता म्हातारी खाली.

"एक दिली तुला, सया," शालूबाई म्हणाली. "दुसरी न्हाई." तिनं आधी बनूला बाहेर काढलं, मग स्वतः उंबरा ओलांडला.