लेकीच्या वाट्याचे संस्कार

प्रणिताचं डोकं रविवारी दुपारी तापलं, ते सोमवारी सकाळी पेणच्या रजिस्ट्रेशन कचेरीच्या बाकावर बसेपर्यंत उतरलं नव्हतं. आणि उतरावं तरी का? सख्ख्या बापाने समोर बसवून, चहा पाजून, गोड बोलून तिला घराबाहेर काढलं होतं. वर त्याला त्याचं कौतुकही करून घ्यायचं होतं.

झालं होतं असं. तिचे वडील कमळाकर रोह्याच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. मुलगा निकेश त्याच कंपनीत शिफ्टला लागलेला. रिकाम्या वेळात काय करावं हा त्यांना प्रश्नच होता, तो एका गुंतवणूक सल्लागाराने सोडवला. त्याने हॉल घेऊन भाषण दिलं की वारसा दोन प्रकारचा असतो, मूल्यं आणि मालमत्ता, आणि शहाण्या माणसाने दोन्हींचं नियोजन हातपाय चालतायत तोवर करावं. कमळाकर भारावून घरी आले, आणि रविवारी त्यांनी लेकीला पेणहून रोह्याच्या फ्लॅटवर बोलावून घेतलं.

"हे बघ गो," ते म्हणाले, "मालमत्ता निकेशच्या नावावर करायची. पण मूल्यं, संस्कार, ते मी तुला दिलेत. खोटं बोलायचं नाय, कोणाचं लुबाडायचं नाय, कामाला मागे हटायचं नाय. तुझ्यासारखी लेक पंचक्रोशीत शोधून मिळायची नाय. खरं तर मोठा वाटा तुझाच."

निकेशने मान डोलावली. त्याला मोठा वाटा बहिणीला गेल्याचं जराही दुःख झालेलं दिसलं नाही.

मालमत्ता म्हणजे धरमतर खाडीच्या काठचं आजोबांच्या वेळचं भातशेत. वडिलोपार्जित, म्हणून त्यात लेकीचाही हक्क. तेव्हा सल्लागाराचं म्हणणं असं की आधी तिच्याकडून हक्कसोड करून घ्या, मग पुढे कटकट नको. उद्याच पेणला सही करायची. कागद तयारच होते.

प्रणिताच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या शेतात खाडीचं खारं पाणी शिरू नये म्हणून गावाने मातीचा लांबलचक बांध घातलेला आहे. त्याला बाहेरकाठा म्हणतात. दर उन्हाळ्यात त्याची डागडुजी होते आणि घरटी एक माणूस माती टाकायला द्यावा लागतो, ही गावाची जुनी रीत. कमळाकरांचे गुडघे गेलेले, निकेशची कायम शिफ्ट. मग जाणार कोण? सासर पेणला, गाव तिथून जवळ, म्हणून प्रणिता. गावकीचे गुणाजी बांधावर उभे राहून एकेका घराचं नाव पुकारायचे. "कमळाकरचा माणूस!" अशी हाक आली की ही पदर खोचून म्हणायची, "हाय!" एकदा नारळी पौर्णिमेच्या उधाणाने भरदुपारी काठा फोडला, तेव्हा चुलीवरचा नारळीभात तसाच टाकून ती धावली होती. गळ्याएवढ्या चिखलात उतरली होती. निकेशने त्या दिवशी फोनवर विचारलं होतं, "आपल्याकडे जास्त नुकसान नाय ना?"

माती टाकायची असली की ती कमळाकरचा माणूस, आणि सातबारा निघाला की परक्या घरची लेक. वा रे नियोजन!

तरीही ती आज सही करायला आली होती. रागाने तिच्या अंगाची लाही होत होती, तरी आली होती. कारण रविवारी निघताना आई, इंदुबाई, जिन्यापर्यंत आली आणि तिचा हात धरून म्हणाली, "सही कर गो. माहेर राहूदे." प्रणिताच्या चुलतबहिणीने, चंद्रावतीने, वाटा मागितला होता. तिला तो मिळालाही. पण आता गौरी येतात, जातात, चंद्रावतीला कोणी ये म्हणत नाही. भाऊ बाजारात दिसला तर रस्ता ओलांडतो. प्रणिताने रात्रभर विचार केला होता. नवऱ्याला विचारलं तर सुशील म्हणाला, "तुझं तू बघ." म्हणजे हाही तसलाच. शेवटी तिने ठरवलं, जाऊदे ती जमीन, आईचं दार तरी उघडं राहील.

कचेरीत गर्दी होती. इंदुबाईंच्या मांडीवर कापडाच्या दुकानाची पिशवी. सही केली की निकेशने बहिणीच्या ओटीत साडी घालायची, म्हणजे हिशेब पुरा. प्रणिताने पिशवीत डोकावून पाहिलं. आहेराची साडी. जी कोणी नेसत नाही, या लग्नातून त्या लग्नात फिरत राहते, तसली. निदान आज तरी जरा बरी आणायची होती मेल्याने, असं तिच्या मनात आलं आणि ती स्वतःवरच आणखी चिडली.

तिच्या आधी एक तरुण बाई टेबलाशी उभी होती. तीही हक्कसोडच करत होती. साहेबांनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, "राजीखुशीने ना? कोणाचा दबाव?"

"नाय, खुशीने," ती म्हणाली आणि फोटोला हसली. तिच्यामागे तिचे दोन भाऊ हात बांधून उभे होते.

मग प्रणिताचं नाव पुकारलं. अंगठा लावायचं यंत्र पुढे सरकलं. "राजीखुशीने ना?" साहेबांनी तोच सूर लावला.

एकच शब्द होता. घरून निघताना तिने तो मनाशी म्हणूनही पाहिला होता. पण आता तोंडाशी आला आणि तिथेच अडला.

"नाय," ती म्हणाली.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "काय नाय?"

"खुशीने नाय. माझ्या अंगाची आग होतेय. सही करते, पण खुशीने करते असं नाय म्हणणार."

"मग नाय होणार," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद बाजूला सारले. "बाहेर जाऊन घरात काय ते ठरवा. पुढचे कोण?"

कचेरीच्या आवारात येईपर्यंत निकेशने कसाबसा दम धरला. "ताई, डोकं फिरलंय का तुझं? शेतावर जेटी बांधणाऱ्याकडून विक्रीचं टोकन घेऊन बसलोय मी!"

"टोकन?" प्रणिता म्हणाली. "म्हणजे विकलीसच? अन् मला सांगतोस नियोजन?"

तो बापाकडे बघायला लागला. त्याच्या बदल्यात कमळाकर पुढे आले. संतापाने त्यांचा आवाज चिरकला होता. "चारचौघांत नाक कापलंस माझं! एक शब्द बोलायचा होता, एक!"

"तो खोटा होता, बाबा."

"खोटा तर खोटा! जगातल्या बाया बोलतात. तुझी जीभ झडली असती काय?"

 आवारातली माणसं थांबून ऐकत होती, पण प्रणिताला त्याचं काही वाटेना. तिला एवढा राग आजवर कधी आला नव्हता, रविवारीसुद्धा नाही.

"बाबा, जमीन निकेशची अन् संस्कार माझे, असं तुम्हीच काल वाटून दिलंत ना? मला एवढंच दिलंत. आता तेही परत मागताय?"

 कमळाकरांनी मग हाती राहिलेलं शेवटचं शस्त्र काढलं. "यंदापासून गौरीला बोलावणं नाय तुला. समजलीस? आमच्यासाठी तू मेलीस."

"नका बोलवू," प्रणिता म्हणाली.  "बोलावणं पाहुण्याला करतात. मी माझ्या घरी येणार."

निकेश गाडीकडे वळला. "चल गो आई," तो म्हणाला. कचेरीच्या पायरीवर टेकलेल्या इंदुबाई उठल्या. साडीची पिशवी त्यांनी त्याच्या हातात दिली आणि लेकीकडे वळल्या. नवऱ्यासमोर त्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता.

"ये गो," त्या म्हणाल्या, आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "दार मी उघडीन."