बेल्ट घरूनच

“थ्रिल म्हणजे?” सुमेधाने वहीवर पेन आपटलं.

“मजा.”

“नुसती मजा नाय, पप्पा. भीतीवाली मजा.”

“भीती वाटल्यावर मजा कसली येते?” दत्तारामने विचारलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

लालबागच्या चाळीतली ही संध्याकाळची शिकवणी गेले चार दिवस गॅलरीत चालली होती. मास्तरीण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आणि विद्यार्थी पन्नाशीच्या उंबरठ्यावर. वहीत सुमेधाने चाळीस शब्द उतरवून काढले होते. रिस्क, डेंजर, थ्रिल, हार्नेस, डेअरडेव्हिल. लोक जिवावरचे खेळ खेळतात तेव्हा काय काय बोलतात, ते तिने नेटवरून शोधून आणलं होतं.

त्याचं असं झालं होतं, की परळच्या एका मॉलमध्ये लोकांना दोराला बांधून तीन मजल्यांवरून उडी मारायला लावणारी जागा उघडली होती. पोरंटोरं वाढदिवसाला तिथे जायची. तिथे बेल्ट बांधून द्यायला माणूस हवा होता आणि त्याला गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलता यायला हवं होतं. सोमवारी इंटरव्ह्यू होता.

बेल्ट बांधण्यात दत्तारामचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकवीस वर्षं तो उंच इमारतींच्या काचा पुसत होता. गच्चीवरून दोर सोडायचा, फळीवर बसायचं आणि पुसत पुसत खाली यायचं. चाळीस मजल्यांवरून त्याने शिवडीची खाडी बघितली होती. पण इंग्रजी म्हटलं की त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीतही घेरी यायची.

“मजेसाठी लटकतात ते डेअरडेव्हिल,” तो म्हणाला. “मग आम्ही कोण?”

सुमेधाने वही मागेपुढे चाळली. “तुमच्यासाठी यात काय लिवलेलं नाय.”

“काचवाले,” आतून भाकरी थापता थापता वैशाली म्हणाली, आणि मायलेकी हसल्या. दत्तारामही हसला.

नोकरी का बदलायची, याचं कारण त्याने घरी सांगितलं होतं. गुडघे बोलायला लागलेत. ते खोटं नव्हतं, पण ते सगळं खरंही नव्हतं.

खरं कारण कुशाबा होता. शीवचा कुशाबा आणि तो एकोणीस वर्षं एकाच गच्चीवरून उतरले. कुशाबाचा एक नियम होता. आपली गाठ आपण तपासायची नाही. आपण बांधायची, दुसऱ्याने बघायची. आपल्याच गाठीकडे बघताना माणूस डोळ्यांनी बघत नाही, सवयीने बघतो, असं तो म्हणायचा. मग एकेक पट्टा ओढून, हूक फिरवून झालं, की पाठीवर दोन थापा मारायचा आणि म्हणायचा, “जा, दत्ता.” एकोणीस वर्षांत एक सकाळ चुकली नाही. दोन वर्षांपूर्वी कुशाबा गेला तो दोरावरून नव्हे, कावीळ होऊन अंथरुणात गेला. तेव्हापासून कंपनी रोज नवा जोडीदार पाठवायची. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, “ओके है, चाचा.”

रविवारी तालीम झाली. वैशालीला गिऱ्हाईक केलं. गाऊनवर त्याचा कामाचा बेल्ट चढवून ती गॅलरीत उभी राहिली, तेव्हा शेजारच्या कमलाबाईंनी दारातून डोकावून विचारलं, “खंय उडतंस गो?”

“मॉलात,” वैशाली म्हणाली.

दत्ताराम घसा खाकरून पुढे झाला. “मॅडम, डोन्ट वरी. यू आर सेफ.” मांडीचा पट्टा ओढला, कमरेचा ओढला, छातीवरचं बक्कल दाबून बघितलं. प्रत्येक पट्टा कसा आणि किती ओढायचा ते त्याने तिला नीट दाखवलं. हात आपले आपण चालत होते. शेवटी त्या हातांनीच वैशालीच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

“हे वहीत नाय,” सुमेधा म्हणाली.

“कुशाबा करायचा.”

“आता कोण करतं?” वैशालीने विचारलं.

दत्ताराम बक्कल सोडवत राहिला. ते केव्हाच सुटलं होतं.

“अहो, मी काय विचारते? आता तुमचा बेल्ट कोण बघतं?”

“कोण नाय.”

मग त्याने सांगून टाकलं. फेब्रुवारीत एकतिसाव्या मजल्यावर लटकत असताना त्याची नजर सहज कमरेकडे गेली, तर हुकाचं तोंड उघडंच होतं. त्याने ते आपल्या हाताने फिरवून घट्ट केलं, थोडा वेळ काचेला कपाळ टेकून बसला आणि मग उरलेले मजले पुसून खाली आला. त्या दिवसापासून कठड्यावर पाय टाकण्याआधी तो दोनदा मागे सरतो.

“भीती वाटते?” वैशालीने विचारलं.

“वाटते.”

एकवीस वर्षांत हा शब्द त्याने घरात पहिल्यांदा उच्चारला होता. वैशालीने बेल्टची नीट घडी घातली, लुगड्याची घालावी तशी, आणि ती मांडीवर घेऊन बसून राहिली. सुमेधाने वही मिटली.

सोमवारी इंटरव्ह्यू घेणारा ध्रुव नावाचा तरुण साहेब होता. शिवाजी पार्कचा, शुद्ध बोलणारा. त्याने छापील कागद पुढे केला आणि गिऱ्हाइकाला देतात तशा सूचना वाचायला सांगितल्या. दत्ताराम बोट ठेवून वाचत गेला. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. चेक युअर ओन हार्नेस. आपला बेल्ट आपण तपासा.

“सर,” तो म्हणाला, “धिस लाइन राँग.”

“राँग?”

“वन मॅन टाय. अदर मॅन सी. ऑलवेज.”

ध्रुवने कागद आपल्याकडे वळवून पाहिला. मग विचारलं, इतकी वर्षं उंचावर काम करताय, कधी भीती नाही वाटत? याचं उत्तर सुमेधाने घोटून घेतलं होतं. नो सर, आय लव्ह द थ्रिल. वाक्य अगदी जिभेवर होतं. पण दत्तारामला मांडीवर बेल्टची घडी घेऊन बसलेली वैशाली दिसली, आणि खोटं बोलवेना.

“येस सर,” तो म्हणाला. “आय ॲम अफ्रेड. फ्रॉम फेब्रुवारी.”

आता नोकरी गेली, असं त्याला वाटलं. ध्रुवने पेन खाली ठेवलं. “काका, मराठीत सांगा,” तो म्हणाला. दत्तारामने कुशाबाचं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ध्रुवने चौथी ओळ खोडली आणि म्हणाला, “एक तारखेपासून या. इथे येणारा प्रत्येक माणूस घाबरलेलाच असतो. त्याला बेल्ट बांधणाऱ्याला भीती ठाऊक असलेली बरी.”

एक तारखेला नऊ दिवस होते आणि वरळीचा एक टॉवर अर्धाच पुसून झाला होता. “सोडा ना आता तो,” वैशाली म्हणाली. पण अर्ध्या काचा मळक्या टाकून निघायचं हे दत्तारामच्या रक्तात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन निघाला, तर ती दारात आडवी उभी.

“बेल्ट घाला.”

“हितं? अगं, तिकडं गच्चीवर घालायचा असतो.”

“हितंच.”

त्याने घातला. वैशालीने रविवारी शिकवल्याप्रमाणे मांडीचा पट्टा ओढला, कमरेचा ओढला, बक्कल दाबून बघितलं. एकदा झाल्यावर परत पहिल्यापासून बघितलं. मग पाठीवर दोन थापा मारल्या. कुशाबाच्या थापांपेक्षा हलक्या होत्या. पण जा म्हणायला तिची जीभ वळेना.

“या,” ती म्हणाली.

“येतो.”

वरून ढगळ शर्ट-पँट चढवून तो बसमध्ये बसला. पट्टे मांडीला काचत होते. सीटवर धड टेकता येत नव्हतं आणि शेजारचा माणूस संशयाने बघत होता. दत्तारामने एकही बक्कल सैल केलं नाही.

गच्चीवर त्या दिवशीचा नवा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. दत्ताराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“मोबाइल ठेव. मेरी गाठ देख. मुझे डर लगता है.”

त्या माणसाने चमकून वर बघितलं आणि मोबाइल खिशात घातला. दोराची गाठ ओढून बघितली, हूक फिरवून बघितलं. मग त्याने कमरेच्या बक्कलाला हात घातला, तेव्हा दत्तारामने तो हळूच बाजूला केला.

“वो देखा हुआ है,” तो म्हणाला. “घर से.”

आणि त्याने कठड्यापलीकडे पाय टाकला.