मुठीची गादी

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलेल्यांना डुलकी लागते आणि खापर माझ्या आवाजावर फुटतं. आज गोष्ट सांगतो मुठीची, आणि माणसाने तिच्यासाठी शिवलेल्या गादीची.

देवाने मूठ मोठ्या विचाराने घडवली बरं का. तिच्यात बारीक बारीक हाडं भरली आणि समोरच्याचं कपाळ मात्र दगडासारखं केलं. म्हणजे जो मारेल त्याचंच बोट मोडायचं. शिक्षा जागच्या जागी, वकील नको की तारीख नको. माणसाला हा न्याय काही पटला नाही.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी उघड्या हातांनी मुष्टियुद्ध लढायचे. त्यांची बोटं आज इतकी वाकडी आहेत की सदऱ्याचं बटण लावायला सून लागते. पण डोकं लख्ख. कोणत्या पाहुण्याने छत्री नेली आणि परत आणली नाही, सगळं तोंडपाठ. थोरला भाऊ, आमचा दादा, जन्मभर जाडजूड ग्लोव्हज, म्हणजे हीच मुठीची गादी, घालून लढला. त्याची बोटं पाहाल तर बासरी वाजवणाऱ्याची वाटतील. मात्र तो चहात मीठ घालतो, आणि चावी हातात धरून घरभर चावी शोधतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता डोक्याला एक जरी ठोसा बसला तर हा स्वतःच्या घराचं दारही ओळखायचा नाही.

तरी दादाने आणखी एक लढत कबूल केली होती. ग्लोव्हजच्या कारखानदाराला नव्या मालाची जाहिरात करायची होती. वहिनीने विनवून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी अबोला धरला. पण तिने अबोला धरलाय हेच दादा विसरायचा. एक गोष्ट तेवढी त्याच्या पक्की लक्षात होती: दिलेला शब्द मोडायचा नाही.

लढतीच्या आधी कारखानदाराने दुकानात समारंभ ठेवला. आम्ही सगळे गेलो. काचेच्या कपाटात दयेचा इतिहास मांडून ठेवला होता. खाली चामड्याच्या पट्ट्या, वर घोड्याचे केस भरलेले जुने ग्लोव्हज, त्यावर फोमचे, आणि सगळ्यात वर दिव्याखाली नवा माल. कारखानदार अगदी गहिवरला. म्हणाला, मनुष्य दिवसेंदिवस दयाळू होत चाललाय. पूर्वी चार ठोशांत हात निकामी व्हायचा, आता कितीही मारा, नखालाही धक्का नाही. टाळ्या पडल्या. दयेवर इतकं रसाळ निरूपण मी भल्याभल्या बुवांकडून ऐकलं नव्हतं. त्यात ठोसे खाणाऱ्या डोक्याचा उल्लेख तेवढा राहून गेला.

मग दादाला बोलायला उभं केलं. तो कपाटातले ग्लोव्हज मोजू लागला. तेव्हा वहिनी उठली.

"हे लढायला तयार आहेत," ती म्हणाली, "फक्त दोघांनी उघड्या हातांनी लढायचं. तसा शब्द दिलाय ह्यांनी आबांना."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "मी दिला?"

"सकाळीच."

दादाने आबांकडे पाहिलं. आयुष्यात कधी खोटं न बोललेले आबा शांतपणे म्हणाले, "दिलास बाबा. माझ्या हातावर हात ठेवून दिलास."

"मग दिला असेन," दादा म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द."

कारखानदार लालबुंद झाला. हा शुद्ध रानटीपणा आहे, त्याने वहिनीला सुनावलं, बाईमाणसाच्या मनात थोडी दयामाया असावी. दादाचा प्रतिस्पर्धीही तिथेच होता; तो आठवडाभर सांगत फिरत होता, म्हाताऱ्या दादाचं डोकं फोडतो म्हणून. त्याने आधी दादाचं कपाळ पाहिलं, मग आबांची बोटं, मग स्वतःची. हळूच विचारलं, हात फार दुखतो का हो? आबांनी बटणाची हकिगत सांगितली. तेवढ्यात त्याला आठवलं की घरी आई एकटी आहे. लढत बारगळली, आणि सुसंस्कृत मंडळी वहिनीच्या नावाने बोटं मोडत घरी गेली.

खोटं बोलल्याबद्दल वहिनी रोज देवाची क्षमा मागते. दादा रोज तिला विचारतो, मी खरंच तसा शब्द दिला होता? ती हो म्हणते, आणि तो रोज नव्याने खूश होतो. हल्ली मधूनच तो तिला विचारतो, तुम्ही कोणाकडच्या? पूर्वीचे ठोसे अजून आपलं काम करताहेत. त्याच्या लक्षात ती किती दिवस राहील, देव जाणे. म्हणून तुम्हाला विनवतो, देवाचं नाव घ्याल तेव्हा माझ्या वहिनीची आठवण ठेवा.