कुंदाचा ऑर्डनर आणि नव्या वॉर्डनबाई

आमच्या एपिस्कोपल मंडळीची वार्षिक सभा २०१६च्या जानेवारीत झाली आणि सुमेधा साळवे सीनियर वॉर्डन म्हणून एकमताने निवडून आली. त्या वेळी ती झेरॉक्स काढायला बाहेर गेली होती. वॉर्डन म्हणजे मंडळीतला असा बिनपगारी माणूस, की छप्पर गळलं तरी त्यालाच फोन जातो आणि पाळकबाई रजेवर गेल्या तरी त्यालाच.

सुमेधा मूळची नगरची, नोकरी जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या कार कारखान्यात, क्वालिटी विभागात. दीड वर्ष ती मागच्या बाकावर मुकाट बसायची. मुकाट बसून काय काय तपासत होती, देव जाणे.

आमचं चर्च उसनं. सकाळी तिथे जर्मन मंडळी, दुपारी दोनला आम्ही: काही अमेरिकन, काही नायजेरियन आणि मराठी घरं तीन. उपासनेनंतरचा चहा अकरा वर्षं माझी बायको कुंदा करते. उपदेशाला लोक डुलक्या काढतात, चहाला मात्र सगळे जागे असतात. पण नाताळात एका अमेरिकन सद्गृहस्थाने कॅप्सूलचं कॉफीमशीन भेट दिलं. ते अजून खोक्यात होतं. खोकं उघडायचं की नाही, हे नवी वॉर्डन ठरवणार होती.

तिसऱ्या दिवशी कुंदाला सुमेधाची मेल आली. ‘प्रत्येकाशी ओळख करून घ्यायची आहे. आपला टेर्मिन: रविवार, ३.४० ते ४.००, पाळकांची खोली.’

कुंदाने मेल तीनदा वाचली.

“वीस मिनिटं,” ती म्हणाली. “वीस मिनिटांत ओळख होते होय? वीस मिनिटांत माणसाला फक्त कामावरून काढता येतं.”

“अगं, सगळ्यांनाच पाठवलीय.”

“सगळे चहा करत नाहीत.”

जर्मनीत एकवीस वर्षं काढल्यावर माणसाला एवढं कळतं, की टेर्मिन आला, म्हणजे भेटीची वेळ ठरली, की कागद न्यायचे; मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. शनिवारी कुंदाने ऑर्डनर, म्हणजे कागदपत्रांची जाडजूड फाइल, भरला. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, घरभाड्याचा करार, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा रिपोर्ट.

“चर्चला मोतीबिंदू कशाला?”

“आणि मागितला तर?”

रविवारी तीन चाळीसला आम्ही आत गेलो. मी फक्त ऑर्डनर उचलायला. सुमेधापुढे लॅपटॉप आणि बारा प्रश्नांचा कागद.

“या, कुंदामावशी. तुम्ही मूळच्या कुठल्या?”

कुंदाने बाप्तिस्म्याचा दाखला पुढे सरकवला.

“अहो मावशी, कागद नको होते,” सुमेधा म्हणाली. पण क्वालिटीवाल्यांपुढे दाखला ठेवणं म्हणजे मांजरापुढे बोंबील. तिचा हात आपोआप पुढे गेला. लग्नाच्या दाखल्यावर ती थबकली. “इथे सही अस्पष्ट आहे.”

“पाळक म्हातारे होते.”

“हं. छंद काही?”

“अहो,” कुंदा मला म्हणाली, “भाड्याचा करार काढा.”

शेवटी सुमेधाने लॅपटॉप मिटला. “मावशी, एक अवघड बोलायचंय. जर्मन मंडळीचं पत्र आलंय. त्यांच्या स्वयंपाकघरात काही करून वाढणाऱ्याकडे गेझुंडहाइट्सआम्टचं, म्हणजे आरोग्य खात्याचं, सर्टिफिकेट हवं. नसेल तर चहा बंद. मशीनपुढे ज्याने त्याने आपलं बटण दाबायचं, त्याला ते हरकत घेत नाहीत. तुम्हाला कसं सांगू, हेच कळत नव्हतं.”

  कुंदाने ऑर्डनर स्वतःकडे ओढला, मोतीबिंदू उलटला आणि मागचा एक पिवळट कागद काढला. ती किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात लागली तेव्हाचा.

“हेच का ते सर्टिफिकेट?”

सुमेधाने कागद उजेडात धरला. “उजळणी?”

“दर दोन वर्षांनी. मागच्या पानावर शिक्के बघा, साळवेबाई.”

“झेरॉक्स?”

“दोन.”

सुमेधाने दोन्ही झेरॉक्स मूळ प्रतीशी ताडून पाहिल्या. “आमचे सप्लायरसुद्धा इतके तयार नसतात.”

“म्हणजे चहा राहिला?”

“राहिला. पण मावशी, तो कसा असतो हे मला माहीत नाही. मी प्यायलेच नाही कधी.”

“दीड वर्षात?”

“सगळ्यांची गीतपुस्तकं गोळा करून येते, तोवर किटली रिकामी.”

कुंदाचा चेहरा पडला. असला दोष ऑर्डनरमधल्या कुठल्याच कागदाने भरून येणारा नव्हता. ती उठली.

“मावशी, चारला पुढचा टेर्मिन आहे.”

“थांबेल तो.”

दारात चारच्या टेर्मिनचे नायजेरियन वकील घड्याळ बघत उभे राहिले आणि आल्याचा वास आल्यावर घड्याळ बघायचे थांबले. कुंदाने कप आणून ठेवला. सुमेधाने फुंकर मारली, एक घोट घेतला, नीट विचार केला.

“साखर जास्त आहे.”

मी खुर्चीचा हात धरला. अकरा वर्षं त्या चहाला फक्त ‘वंडरफुल’ ऐकायची सवय. कुंदाने आधी सुमेधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आणि तुम्ही? घरीही हाच पिता ना?”

“मला वाटलं, तुला आवडतो तसा…”

“अगं, बघितलंस?” कुंदा सुमेधाला म्हणाली. साळवेबाईची ‘अगं’ होऊन गेली होती. “घरात एक माणूस खरं बोलणारा नाही. पुढच्या रविवारपासून गीतपुस्तकं हे गोळा करतील. तू चहाला पहिली यायचं.”

सुमेधाने मान डोलावली, कप रिकामा केला आणि अजून अर्धा मागितला. तोच, साखर जास्त असलेला.